जानव्याला बांधलेली चावी

आधी नाव घेते, मग काय घडलं ते सांगते. सांगता सांगता मला हसू आलं तर नाव राहून जायला नको. रघोत्तमराव. तांबरमचे. धान्य वाळवायच्या मशीनचे पंखे आणि हीटर बसवून देणारे. आज चेन्नईत मी ज्या स्टुलावर बसून पगार घेते ते स्टूल त्यांच्यामुळे आहे. आणि त्या स्टुलावर बसणारीचे दोन्ही हात, सगळी बोटं आणि वेणी अजून जागच्या जागी आहेत, तेही त्यांच्यामुळेच.

मी परभणीकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा रेड हिल्सच्या कंटेनर यार्डात ड्रायव्हर, त्याच्यामागे मी इकडे आले. रेड हिल्स म्हणजे चेन्नईचं उत्तरेचं टोक. तिथे तांदळाच्या गिरण्या ओळीने उभ्या आहेत. त्यातल्या एका गिरणीच्या खळ्यावर मी कामाला होते. साळ उकडून आली की सिमेंटच्या खळ्यावर पसरायची आणि पायाने सऱ्या पाडत उन्हात फिरवायची. हे काम बायकांचं. दिवाळीच्या सुमाराला इथे पाऊस लागतो, मग ताडपत्रीखाली साळीला घाम फुटतो आणि मालक घाम पुसतो. मालकाला इथे मुदलाळी म्हणतात. आमच्या मुदलाळींनी एका पावसाळ्यात कंटाळून पत्र्याच्या दोन उंच गोल कोठ्या, मोठे पंखे आणि गॅसवर चालणारे हीटर मागवले, आणि सांगून टाकलं की आता खळं बंद, मशीनवर एकच माणूस लागेल.

बाकीच्या बायका जवळपासच्या गावांतल्या, त्या शेजारच्या गिरण्यांत गेल्या. मला कोण घेणार? मशीन बसेपर्यंत मी तिथेच पोती मोजायला राहिले. माझं तमिळ भाजी विकत घेण्यापुरतं. आणि स्वभावाने मी अशी की घरून निघाले की गॅसचा नॉब बंद केला का ते बघायला बस स्टॉपवरून परत जाणारी. नवरा म्हणायचा, तुला एखाद्या नॉबशीच लग्न लावून द्यायला हवं होतं.

मशीनबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाहून, तांबरमहून, रघोत्तमराव आले. साठी उलटलेली, खाकी शर्ट, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, हातात रेक्झिनची बॅग. एवढ्या लांबून आलेला माणूस आधी मशीन बघेल की नाही? ते मशीनकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी आम्हा माणसांना बघायला सुरुवात केली. कोणाची लुंगी अर्धी दुमडलेली, कोणाच्या खांद्यावर टॉवेल, कोणाचा पदर सुटा. बॅगेतून त्यांनी सेफ्टी पिनांचा डबा काढला आणि लग्नघरात अत्तर लावत फिरतात तसे ते पिना लावत फिरले. मुदलाळींच्या खांद्यावरची जरीकाठी शाल बघून ते थांबले, पण मालक म्हणून पिन न लावता पुढे गेले.

मग त्यांनी पंखा चालू केला आणि आपला जुना टॉवेल त्याच्या तोंडापाशी नुसता धरला. टॉवेल त्यांच्या हातातून गेला आणि लोखंडी जाळीवर फाटकन चिकटून बसला. ते तमिळमध्ये म्हणाले, ही जाळी आहे म्हणून टॉवेल दिसतोय. जाळी काढणाऱ्याचा टॉवेलही दिसत नाही आणि तोही. मुदलाळी नीट बघायला पुढे झाले, आणि त्यांची शाल टॉवेलाशेजारी जाऊन बसली. पंखा बंद करून, तो पूर्ण थांबेपर्यंत वाट बघून रावांनी शाल सोडवली, झटकली, घडी घालून मालकाच्या हातात दिली आणि वर एक सेफ्टी पिन ठेवली.

माझी त्यांची ओळख झाली ती पोत्यांपाशी. मी पोती मोजत होते, मोजताना माणूस आपल्याच भाषेत मोजतो. मागून आवाज आला, "कोण गे तूं? कोठली?"

मला वाटलं कोणी पोथी उघडली. मागे वळून पाहिलं तर राव. त्यांचे पूर्वज तंजावरला कधीकाळी आलेले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती मराठी अशी की क्रियापदं जुनी, चाल तमिळ आणि मधे मधे इंग्रजी नटबोल्ट. मी परभणी म्हटलं. परभणी कुठे आली ते त्यांना ठाऊक नव्हतं. महाराष्ट्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

"मराठी बोलतेस, मग इकडे यायला तीनशें वर्षें उशीर कां केलास?" ते म्हणाले. "आम्ही पुढें आलों. तुम्ही मागें राहिलांत."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मराठी तपासली. मी 'झालं' म्हटलं की ते 'जाहलें' म्हणायचे आणि मान हलवायचे, की तिकडे ठेवलेली भाषा कोणी नीट झाकून ठेवली नाही, वारा लागून बिघडली. डब्यात मात्र ते माझ्यासाठी वेगळं काढून ठेवायचे. त्यांच्या बायकोने, अंबुजामामींनी, केलेली डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. मी 'हे आमचं डांगर' म्हटलं तर म्हणाले, तुमचें कसें? आमचें. तुम्हांला आठवण राहिली इतकेंच.

मदतीला माणूस मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला मागितलं, आणि कारण होतं माझं नाक. राव तपकीर ओढायचे. कमरेला पत्र्याची डबी, दर अर्ध्या तासाला चिमूट. तीस-चाळीस वर्षांच्या तपकिरीने त्यांचं नाक असं झालं होतं की कापूर आणि कांदा त्यांना सारखाच. गॅसची लाइन जोडणारा हा माणूस गॅस हुंगू शकत नव्हता. "माझें नाक गेलें," ते म्हणाले. "तुझें दे."

माझं नाक म्हणजे भित्र्या माणसाचं नाक. मला वास दर जोडापाशी आला. इथे येतोय, तिथे येतोय, मुदलाळींच्या गाडीपाशीही येतोय. दुसरा कोणी असता तर हाकलून देता. राव प्रत्येक ठिकाणी साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश घेऊन आले, जोडाला फेस लावला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले. बुडबुडा आला नाही की फेस पुसायचे आणि पुढे. एका जोडाला मात्र फेस फुगला. लहान मूल गालातल्या गालात हसतं तसा एकच बुडबुडा हळू मोठा झाला. रावांनी लाइन बंद केली, जोड पुन्हा आवळला, पुन्हा फेस लावला. मग मला म्हणाले की नाक म्हणजे अफवा आणि फेस म्हणजे साक्षीदार. पण अफवा उठल्याशिवाय साक्षीदाराला बोलावतो कोण? त्या दिवसापासून मी त्यांची अफवा. सकाळी आले की विचारायचे, "काय गे, आज अफवा काय?"

त्यांचे नियम पाठ करायला सोपे होते, कारण ते सगळे घरातले असत. आधी वारा, मग विस्तव. पंखा पुरेसा फिरून आतली हवा स्वच्छ झाल्याशिवाय हीटर पेटवायचा नाही. विझवताना उलटं: आधी विस्तव, मग वारा. हीटर बंद झाला तरी पंखा चालू ठेवायचा, सगळं गार होईपर्यंत. पाहुणा गेल्या गेल्या दिवा मालवूं नये, असं ते म्हणायचे. कोठीच्या छपराची झाकणं उघडल्याशिवाय पंखा लावायचा नाही, ओला वारा बाहेर कुठून जाणार? हीटरभोवती पडलेलं तूस आणि फोलपट रोज झाडायचं, मग दिवाळी असो की पोंगल. आणि खालून धान्य निघत असताना कोठीत पाय ठेवायचा नाही. वरून ते धान्य दिसतं, आतून ते विहीर असतं.

सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांचं लाल कुलूप. पंख्यात, हीटरमध्ये किंवा कोठीखाली जायचं असलं की ते मेन स्विच पाडायचे, खटका ओढून बघायचे, त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचे. मग शर्टाचं वरचं बटण उघडून जानवं बाहेर काढायचे, चावी त्याला बांधायचे आणि जानवं आत टाकायचे. खिशातली चावी कोणी मागतो, टेबलावरची कोणी उचलतो, पण जानव्याची चावी मागायला तोंड उघडत नाही, असा त्यांचा अनुभव. जो आत जातो त्याचीच चावी. दुसरी चावी नाही. मुदलाळींनी विचारलं, एक माझ्याकडे असायला नको का? राव म्हणाले, तुम्ही आत जात असाल तर घ्या.

या कारभाराला एकच खोट होती. त्यांच्या लक्षात राहायचं नाही. एकदा काम संपवून ते कुलूप तसंच ठेवून तांबरमला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आवणी अवित्तम, म्हणजे जानवं बदलायचा सण, राव काही येणार नव्हते. मशीन लाल कुलुपात, मुदलाळी लाल चेहऱ्याने. शेवटी फोन लागला अंबुजामामींना. त्या म्हणाल्या, आहे इथे. दर वर्षी जुन्या जानव्यावरून नव्या जानव्यावर चावीची बदली होते, आत्ताच झाली; कोणी माणूस पाठवा, भटजी बसलेत तोवर. गिरणीचा माणूस रेड हिल्सहून तांबरमपर्यंत अख्खं शहर ओलांडून गेला आणि चावीबरोबर डबाभर पायसम घेऊन आला.

मुदलाळी मात्र ठरवून होते की मशीनवर कोणीतरी धीट माणूस हवा. त्यांच्या डोळ्यांपुढे इलेक्ट्रिशियन मुरुगन होता. मुरुगन चालत्या पट्ट्यावर हात फिरवून तो गरम झालाय का ते सांगायचा. राव त्याला म्हणाले होते, "मुरुगा, धीट माणसांचे फोटो मी पुष्कळ पाहिले. सगळ्यांना हार आहे." मुरुगन हसला. मुदलाळीही हसले. आणि मी समजून चुकले की राव मशीन लावून गेले की माझं इथलं काम संपलं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात इथली खोली परवडत नव्हती. माझं बोचकं बांधून मला परभणीला जावं लागलं असतं, आणि त्याला इथे एकट्याला राहावं लागलं असतं. रात्री मी गॅसचा नॉब बघायला उठायची ती त्या विचाराने उठायची, नॉब निमित्त.

मशीनच्या उद्घाटनाला शुक्रवार धरला होता. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो आणि तो बाराला सुटतो. राहुकाळात इथे कोणी नवा झाडूसुद्धा हातात घेत नाही. म्हणून साडेदहाच्या आत मशीन चालू व्हायलाच हवं होतं. भटजी आले, दृष्टीचा भोपळा फुटला, लिंबं ठेवली गेली. मुदलाळींच्या आईने, जिला सगळे पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायचे, पहाटेच येऊन मशीनला चंदन-कुंकू लावलं होतं. प्रेमाने लावलं होतं, एक भाग सोडला नव्हता. राव तेव्हा आले नव्हते, त्यांची गाडी तांबरमच्या पुढे कुठेतरी अडली होती.

दहाच्या सुमाराला रावांनी छपराची झाकणं उघडवली, कपडे तपासले, पिना लावल्या आणि पंखा चालू केला. नादस्वरम, म्हणजे इथली लांब सनई, सुरू झालं. वारा पुरेसा झाल्यावर त्यांनी हीटर पेटवला. ज्वाला आली आणि लगेच गेली. पुन्हा पेटवला, आली आणि गेली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. नादस्वरमवाला हळू झाला. तिसऱ्यांदा पेटवा म्हणून मुदलाळी म्हणाले तेव्हा राव म्हणाले, दोनदा नाही म्हटलेल्या मुलीला तिसऱ्यांदा विचारूं नये. त्यांनी गॅस बंद केला, पंखा जरा फिरू दिला, मग सगळं थांबवलं. लाल कुलूप घातलं, चावी जानव्याला बांधली, मला मेन स्विचच्या बोर्डापाशी स्टुलावर बसवलं आणि बाजूच्या झडपेतून हीटरच्या बोगद्यात, म्हणजे गरम वारा कोठीत नेणाऱ्या पत्र्याच्या नळात, सरपटत आत गेले. त्या बोगद्याच्या तोंडाशीच पंख्याची पाती.

मुदलाळी तेवढ्यात गेटवर कोणा मोठ्या पाहुण्याला आणायला गेले होते. ते परत आले तर मशीन थंड, राव दिसत नाहीत, आणि साडेदहा जवळ आलेले. मुरुगन म्हणाला, कुलूप असू दे, शेजारच्या बोर्डावरून वायर टाकून पंखा डायरेक्ट करतो, निदान पंखा तरी फिरेल. मी सांगितलं की राव आत आहेत. मुदलाळी म्हणाले, आत आहेत तर येतील बाहेर, नुसता वाराच तर लावायचाय, वाऱ्याने काय होतं माणसाला?

मुरुगन वायर घेऊन आला. डायरेक्ट करायला त्याला बोर्डाचं झाकण उघडावं लागणार होतं, आणि मी झाकणाला पाठ लावून स्टुलावर बसले होते. मुदलाळी म्हणाले, ऊठ. मी उठले नाही. त्यांनी सांगितलं की उठली नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस. माझे पाय इतके थरथरत होते की मला उठायचं असतं तरी उठता आलं नसतं. हे मी नंतर रावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाय असेच हवेत.

मला आलं तेवढंच तमिळ मी बोलले. "सार उळ्ळे. सावी सारकिट्टे." सार आत आहेत. चावी सारांकडे आहे. मुदलाळींनी काही म्हटलं की मी तेच म्हणायची. पाहुणे जमले, भटजी आले, मी तेच म्हणत राहिले. शेवटी खुर्चीवर बसलेल्या पाट्टी लेकाला म्हणाल्या, "ती माणूस आत आहे म्हणते. तू घड्याळ काय सांगतोस?"

तेवढ्यात झडपेतून आधी पाय आले, मग खाकी चड्डी, मग जानवं, आणि सगळ्यात शेवटी राव. शर्ट आत अडकून राहिला होता. अंगभर फोलपट चिकटलेलं, मिशीत तूस, पोटावर जानवं आणि जानव्याला चावी. उजव्या हाताचं एक बोट त्यांनी वर धरलं होतं. त्यावर चंदन आणि कुंकू.

हीटरला एक काचेचा डोळा असतो. ज्वाला दिसते तोवर तो गॅस सोडतो, दिसेनाशी झाली की गॅस तोडतो. ज्वाला विझली आणि गॅस चालूच राहिला, तर पुढे काय होईल ते कोणाला सांगायला नको. पाट्टींनी झडपेतून हात घालून नेमका तो डोळा शोधून त्यावर टिळा लावला होता. मशीन बिचारं आंधळं झालं होतं आणि आंधळं झाल्यावर त्याने शहाणपणा केला होता.

मुदलाळी आईकडे बघायला लागले. राव मधे पडले. ते पाट्टींपुढे वाकून म्हणाले की आई, टिळा डोळ्यात नाही, कपाळावर लावतात. या मुलाचं कपाळ मी तुम्हाला दाखवायला हवं होतं, चूक माझी. त्यांनी पाट्टींचा हात धरून त्यांना हीटरच्या वरच्या पत्र्यापर्यंत नेलं आणि तिथे टिळा लावून घेतला. अजून तो तिथेच लागतो, दर शुक्रवारी.

पण आता राहुकाळ लागला होता. मुदलाळी म्हणाले, संपलं, मुहूर्त गेला, बारापर्यंत हात लावायचा नाही. राव शर्ट शोधत म्हणाले की मुहूर्त गेला कुठे? पंखा दहालाच फिरला, भटजींसमोर, नादस्वरमसकट. मुहूर्त पंख्याचा असतो. लग्नाचा मुहूर्त साधला म्हणजे झालं, आचाऱ्याने चूल कधी पेटवली ते कोण बघतं? भटजींना भूक लागली होती. त्यांनी लगेच मान हलवली.

कुलूप काढलं, वारा लावला, वारा पुरेसा होऊ दिला, हीटर पेटवला. ज्वाला आली आणि निळी, स्थिर, उभी राहिली. नादस्वरमवाल्याने पुन्हा गाल फुगवले.

जेवताना मुदलाळींनी विचारलं, मशीन कोणाच्या हातात द्यायचं? विचारलं रावांना, पण बघितलं मुरुगनकडे. राव केळीच्या पानावरचं रसम भातात मुरवत म्हणाले की बोगद्यात बाहेरचं सगळं ऐकू येतं, गाभाऱ्यात घंटा ऐकू येते तसं. मग ऑफिसच्या भिंतीकडे मान करून म्हणाले, "मुदलाळी, भिंतीवर तुमच्या वडिलांचा फोटो छान आहे. शेजारीं दुसरा खिळा मारूं नका. ही भिते. हिला द्या."

मुदलाळींनी जेवण आटोपून पान मिटलं. मग त्यांनी मला विचारलं, सकाळी किती वाजता येऊ शकशील?

राव त्यानंतरही मशीनच्या देखभालीला येत राहिले आणि त्यांनी मला शिकवलं, म्हणजे रागावले. धान्याची ओल मोजून बघायला, पंख्याचा आवाज बदलला की ओळखायला, अर्थिंगची तार बघायला. दुपारी साळीच्या ढिगापाशी बसून मी त्यांना आमच्याकडच्या गोष्टी सांगायची. एकदा हुरड्याचं सांगितलं. ज्वारीचं कणीस कोवळं, दुधाळ असतानाच तोडायचं, शेणीच्या आरावर भाजायचं, हातावर चोळायचं आणि दाणे गरम गरम खायचे. राव हादरले. ज्या माणसाने जन्मभर धान्याची ओल काढली त्याला कोणी ओलं धान्य मुद्दाम खातं हे पटेना. ओला दाणा म्हणजे बुरशी, ओला दाणा म्हणजे कोठीत उकाडा, ओला दाणा म्हणजे धंद्याचा सत्यानाश. इतके रागावले की दोनदा तपकीर ओढली. पण पुष्कळ दिवसांनी, हीटरभोवतीचं तूस झाडत असताना, मला पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, "त्या ओल्या दाण्याला तुम्ही मीठ लावतां की?"

त्यांचा गिरणीतला शेवटचा दिवस आला तो असाच आला. गुडघे जायला लागले होते, बोगदे झेपेनात, मुलगी वेलचेरीला बोलावत होती. त्यांनी मला एक नवं लाल कुलूप आणून दिलं, माझं स्वतःचं, आणि म्हणाले, हें आतां तुझें. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, पदराला पिन आहे की? होती. मग शेअर ऑटोत बसले आणि गेले. मी गेटशी उभी राहून ऑटो रस्त्याला लागेपर्यंत बघितलं, मग आत येऊन कुलूप हातात घेतलं. त्याला चावी नव्हती.

मी धावत गेटवर गेले तर ऑटो उलटा वळत होता. सगळ्या प्रवाशांच्या शिव्या खात, हॉर्नच्या कल्लोळात तो आला. मागच्या सीटवर दोन बायका आणि कोंबड्यांच्या पाटीमध्ये अडकलेले राव शर्टाची बटणं उघडत होते. त्यांनी जानवं बाहेर ओढलं, गाठ सोडवली, चावी माझ्या हातात ठेवली. "बघ," ते म्हणाले, "घरीं घेऊन जात होतों."

ऑटो पुन्हा निघाला. बटणं लावायचं विसरून ते बाहेर डोकावून काहीतरी ओरडत होते. कोंबड्या आणि हॉर्नमधून मला एवढंच ऐकू आलं की आधी वारा.

ती चावी आता माझ्या मंगळसूत्राला असते, पदराच्या आत, पिन लावून. कोठीखाली गेले की हात लावून बघते. नवरा म्हणतो, शेवटी नॉब नाही पण चावी मिळाली.

रघोत्तमराव, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. माझी बिघडलेली मराठी तुम्हाला सोसणार नाही. पण शब्द देते. एका हिवाळ्यात तुमच्या गुडघ्यांना सांभाळत, अंबुजामामींना घेऊन, मी तुम्हाला परभणीला नेणार. आमच्या रानात गोवरीच्या आरापाशी बसवणार, आणि कोवळ्या ज्वारीचा ओला, दुधाळ दाणा गरम गरम तुमच्या हातावर ठेवणार. मीठ लावून. पंखा नसेल, हीटर नसेल. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, पण खायचं.